वेलातभाऊंचा डब्ल्यू

आमच्या मजल्यावरचे वेलातभाऊ खिशात काळं पेन बाळगतात ते एकाच कामासाठी. आपल्या नावात इंग्रजी 'व्ही' दिसला, की त्याला दुसरा 'व्ही' चिकटवून त्याचा 'डब्ल्यू' करायचा. पार्सल, टपालपेटी, दवाखान्याचा कागद, काही सुटत नाही. एकदा घाईघाईत माझंच पार्सल हाती लागलं, आणि आम्हा वैद्यांच्या 'व्ही'चासुद्धा डब्ल्यू झाला. मी म्हटलं, "अहो भाऊ, आमच्या मराठीत दोन्हींना एकच व!"

"लकी पीपल!" म्हणाले.

भाऊ जातीचे कुर्द, तुर्कस्तानातले. मुलाला इथल्या बुओना व्हिस्टा भागात नोकरी, म्हणून हे इथे परदेशी. मी पुण्याहून मुलीकडे आलेली. दोघांचंही इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे झकास जमतं. त्यांच्या लहानपणी कुर्दी भाषेतला हा डब्ल्यू तिकडे सरकारी कागदावर चालतच नसे. कारकुनाने 'व्ही' लिहिला, तोच पार पासपोर्टपर्यंत आला.

मोठ्या देशांवर तर त्यांचा भारी राग. "लढायला माणसं हवी, तेव्हा कुर्द माय ब्रदर. लढाई संपली, की कुर्द? हू?" असल्या दोस्तीला ते म्हणतात 'फ्रेंड टिल फ्रायडे'. आणि हे सगळ्यांनाच लावतात हो! लिफ्ट दुरुस्त करणारा येतो म्हणून आला नाही, फ्रेंड टिल फ्रायडे. हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतल्या बाईंनी काल जास्तीची चटणी दिली, आज दिली नाही, त्याही तशाच. मी एकदा चहाला बोलावून विसरले, तर मलाही आठवडाभर त्याच पंगतीत बसवलं.

मध्यंतरी माझ्याकडे पोहे खायला आले होते. मी विचारलं, "भाऊ, तुमच्या नावाचा अर्थ तरी काय?"

"माय कंट्री. आपला मुलूख."

मला हसू आवरेना. "अहो, आमच्याकडे असाच शब्द आहे, विलायत, पण म्हणजे परका देश! समुद्रापलीकडचा!"

वाटलं, आता हे उसळणार. पण त्यांनी चमचा खाली ठेवला. "करेक्ट, सिस्टर. माझाही तसाच आहे."

मग म्हणाले, बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा बाबा म्हणतो, नातवंडं आजोबा, वॉचमन अंकल. नावाने, नीट डब्ल्यू लावून, हाक मारणारी तीच एक होती.

आमच्या पिढीत नवऱ्याचं नाव कोण घेतंय? आमच्या यांचं नाव मी घेतलं ते उखाण्यात, तेही लाजत. हे वारल्यावर रिकाम्या घरात एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं होतं. हे काही मी भाऊंना सांगितलं नाही.

"माझं नाव म्हण ना," भाऊ म्हणाले.

"वेलात."

"नो, नो. दात लावायचे नाहीत. ओठ गोल."

चार वेळा चुकले. पाचव्यांदा ओठांचा चंबू केला आणि हाक मारली. भाऊ खिडकीकडे बघत होते. त्यांनी ओ दिली, त्यांच्या भाषेत, आतल्या खोलीतून द्यावी तशी.