वहिनींची प्रत्यक्ष पडताळणी

रुग्णालयाच्या भांडारात आलेली प्रत्येक वस्तू भांडारपालांनी पाहावी, मोजावी आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाने क्रमांक घालावा, असा नियम होता. खुर्च्या, कपाटं आणि बादल्या यांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. अडचण आली ती संशोधन विभागाने एक लहानशी कुपी मागवली तेव्हा. कुपीत लालसर पाणी होतं. मागणीपत्रात मात्र 'सोन्याचे अतिसूक्ष्म कण' असं लिहिलं होतं.

"सोनं लाल कसं?" भांडारपालांनी विचारलं.

"कण फार बारीक झाले की रंग बदलतो," संशोधक बाई म्हणाल्या.

"म्हणजे लहानपणी लाल आणि मोठेपणी पिवळं. आमच्या खात्यातही सगळ्यांचं असंच होतं. किती नग आहेत?"

"मोजता येत नाहीत. अब्जावधी असतील."

"असतील म्हणून चालत नाही. शिवाय प्रत्येक नगावर क्रमांक घालावा लागेल."

"क्रमांकाच्या रंगाचा एक थेंब या सगळ्यांना पुरून उरेल."

भांडारपाल विचारात पडले. माणूस वाईट नव्हता. नियमाबाहेर त्यांचं कोणाशी वैर नव्हतं आणि नियमाच्या आत कोणाशी मैत्री नव्हती. शेवटी त्यांनी 'नग : एक कुपी' अशी नोंद केली आणि सोनं हा मौल्यवान धातू असल्यामुळे कुपी तिजोरीत ठेवली. तिजोरीला दोन किल्ल्या लागत. एक त्यांच्याकडे होती. दुसरी अधीक्षकांकडे होती आणि अधीक्षक 'कामकाजातील गतिमानता' या विषयावरच्या प्रशिक्षणाला गेले होते. ते कधी परततील हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

ज्या बाईंसाठी ती कुपी मागवली होती, त्या वरच्या मजल्यावर वॉर्डात वाट बघत होत्या. त्या भांडारपालांच्याच वहिनी. थोरला भाऊ लवकर गेला, तेव्हा याच वहिनींनी शिवणयंत्रावर पाय मारून धाकट्या दिराला शिकवलं आणि नोकरीला लागेपर्यंत दम काढला. आता त्यांच्या छातीत गाठ निघाली होती. तपासणीची तारीख मिळेपर्यंत त्यांचे उन्हाळी कपडे शिवून झाले होते आणि लोकरीचे सुरू झाले होते.

संशोधक बाईंनी त्यांना उपचार समजावून सांगितला. "हे कण शिरेतून सोडले की गाठीत जाऊन बसतात. बाहेरून एक विशिष्ट प्रकाश टाकला की कॅमेऱ्यात ते चमकतात. मग गाठ कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते नेमकं कळतं. त्यानंतर प्रकाश वाढवायचा. कण तापतात आणि गाठ तेवढी जळते."

"म्हणजे आधी खडूने खूण करायची आणि कात्री खुणेवरच चालवायची," वहिनी म्हणाल्या. "मग अडलंय कुठे?"

"तिजोरीत."

संध्याकाळी दीर डबा घेऊन आले. वहिनींनी डबा उघडला नाही.

"भाऊजी, तुमच्या सगळ्या कामांना सह्या लागतात. माझी गाठ मात्र सहीवाचून वाढतेय."

भांडारपालांनी न उघडलेला डबा परत घेतला. घरी जाऊन त्यांनी नियमांचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. भांडाराला आग लागल्यास भांडारपालांनी एकट्याने तिजोरी उघडून मौल्यवान वस्तू सुरक्षित स्थळी हलवावी, असा एक नियम त्यांना सापडला. तेवढ्यासाठी दुसऱ्या किल्लीची एक जादा प्रत त्याच पुस्तकासोबत मिळाली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी भांडारात बशीवर कागदाचा एक बोळा पेटवला, 'आग लागली' अशी नोंद केली, कुपी बाहेर काढली, बशीवर पाणी ओतलं आणि 'आग विझली' अशीही नोंद केली. कुपी हलवण्याच्या सुरक्षित स्थळाच्या रकान्यात त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं : वहिनी.

उपचार झाला. गाठ गेली. वहिनी अंथरुणावर उठून बसल्या आणि वॉर्डातल्या परिचारिकेच्या गणवेशाची उसवलेली बाही त्यांनी तिथल्या तिथे शिवून दिली.

यथावकाश लेखापरीक्षक आले. ते अतिशय सभ्य गृहस्थ होते. रिकामी कुपी उजेडात धरून त्यांनी विचारलं, "यातलं सोनं कुठे आहे?"

"वापरलं," भांडारपाल म्हणाले.

"वापरला जातो तो कापूस. सोनं वापरलं जात नाही, ते कुठेतरी असतं."

संशोधक बाई खरं बोलणाऱ्या होत्या. "बरंचसं अजून वहिनींच्या शरीरात आहे."

'सार्वजनिक मालमत्ता खाजगी व्यक्तीच्या अंगात विनापरवाना आढळली' असा आक्षेप निघाला. अनुपालनाचे दोनच मार्ग होते. पहिला, सोनं परत मिळवणं. त्यासाठी वहिनींना भट्टीत घालावं लागेल असं संशोधक बाई वैतागून म्हणाल्या आणि लेखापरीक्षकांनी ते गांभीर्याने लिहून घेतलं. परंतु भट्टीसाठी निविदा काढावी लागली असती, म्हणून तो मार्ग सोडून देण्यात आला. दुसरा मार्ग वहिनींनाच मालमत्ता म्हणून दाखवण्याचा. त्याप्रमाणे जडवस्तूंच्या नोंदवहीत 'खुर्ची, एक हात मोडलेली' आणि 'पंखा, छताचा' यांच्या मधे वहिनी आल्या.

भांडारपाल वहिनींच्या दंडावर पांढऱ्या रंगाने क्रमांक घालू लागले. वहिनी मान वाकडी करून बघत होत्या.

"चाराला नीट पोट द्या, भाऊजी. लहानपणापासून तुमचा चार उपाशीच."

वस्तू परत आणण्याच्या अटीवर बाहेर सोडण्याचा पास मिळाला. फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, "वस्तू कोण नेतंय?"

"वस्तूच चाललीय," वहिनी म्हणाल्या आणि घरी गेल्या.

इथवर सगळे त्यांना हसत होते. पुढे हसणं कमी झालं. मौल्यवान वस्तू ओलीत ठेवू नये, असा नियम असल्यामुळे खात्याची माणसं येऊन वहिनींच्या घराचं गळकं छत दुरुस्त करून गेली. वस्तूला वाळवी लागली आहे का, हे बघायला आणखी एक माणूस आला. त्याने वहिनींकडे नीट निरखून पाहिलं आणि लागली नसल्याचं लिहून दिलं. मग वार्षिक पडताळणीची वेळ आली. वस्तू जागेवर आहे एवढ्यावर लेखापरीक्षकांचं समाधान होईना. सोनं आत आहे कशावरून? ते कॅमेऱ्यातून दाखवा. वहिनींना आणायला गाडी पाठवण्यात आली.

संशोधक बाईंनी प्रकाश टाकला. पडद्यावर काखेपाशी एक ठिपका चमकला.

"मागच्या नोंदीत मालमत्ता छातीत होती," लेखापरीक्षक म्हणाले. "तिने परवानगीशिवाय जागा बदलली आहे."

संशोधक बाईंनी ठिपका मोठा करून पाहिला. कण उगाच गोळा होत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. तपासलं तेव्हा मोहरीएवढी नवी गाठ निघाली. भांडारपाल रुग्णांना तारखा देणाऱ्या खिडकीकडे धावायला निघाले.

लेखापरीक्षक मात्र कडाडले. मालमत्तेचं अनधिकृत स्थलांतर ही गंभीर बाब होती. कार्यालय बंद होण्याच्या आत तिचं निराकरण झालंच पाहिजे. नवी कुपी आली, शस्त्रक्रियेची खोली मोकळी झाली, प्रशिक्षणाला गेलेल्या अधीक्षकांनासुद्धा बोलावून घेण्यात आलं. त्याच दिवशी गाठ जळून गेली.

शुद्धीवर आल्यावर वहिनी दिराला म्हणाल्या, "माणूस म्हणून आले तेव्हा मला तारीख दिलीत. वस्तू झाले तर गाडी पाठवलीत."

भांडारपालांनी त्यांचा हात धरला होता.

हे वाक्य वॉर्डातून बाहेर पडलं आणि गावभर झालं. भांडारापुढे रांग लागली. अंगात कुठला धातू आहे, हे जो तो सांगू लागला. कोणाच्या दाढेत भरलेली चांदी होती, कोणाच्या मांडीत सळई. काहीच नसलेल्या एका गृहस्थांनी लहानपणी नाणं गिळल्याचं आईचं शपथपत्र आणलं. एक निवृत्त मुख्याध्यापक 'नळ, गळका' म्हणून नोंदवून घ्यायला राजी झाले, कारण नळांची दुरुस्ती लवकर होते. एका आईने तान्ह्या बाळाला 'इतर किरकोळ' मध्ये घालून घेतलं. संशोधक बाई रांगेतून फिरून सांगत होत्या की अहो, तुम्ही माणसं आहात, पलीकडच्या तारखांच्या खिडकीवर जा. लोक त्यांच्याकडे दयेने बघत होते.

ती खिडकी बंद झालेली नाही, हे इथे मुद्दाम नमूद करायला हवं. ती वेळेवर उघडते. तिच्यापुढे बाक आहे. परवा त्या बाकावर एकट्या वहिनी बसल्या होत्या. दंडावरचा क्रमांक खरवडून काढून, पुढची तपासणी माणूस म्हणूनच करून घ्यायची असा त्यांनी हट्ट धरला होता आणि आपली तारीख घ्यायला त्या आल्या होत्या. तेवढ्यात तुम्ही आलात. खिडकीवरची 'माणसांच्या तपासणीच्या तारखा येथे मिळतील' ही पाटी तुम्ही पूर्ण वाचलीत, वहिनींकडे बघून ओळखीचं हसलात आणि हलक्या आवाजात विचारलंत, "भांडार कुठल्या बाजूला आलं हो?"