शंभरावर आणलेला काटा

झाकणाच्या भोकातून थर्मामीटरची दांडी घालायची आणि आतून नट आवळायचा, एवढंच काम होतं. पण यज्ञेश्वररावांनी आयुष्यात कुठलंही एवढंसं काम एवढ्यावर भागवलेलं नव्हतं. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं त्यांनी धरणाच्या पाण्याची पातळी वाचली होती. पट्टीवर दिसली ती पातळी, बाकीच्या सगळ्या गप्पा, असा त्यांचा बाणा होता.

यवतमाळच्या त्यांच्या अंगणात आठवड्यापूर्वी टेम्पोतून एक जाडजूड, झाकणवाला, अंड्याच्या आकाराचा चिनी मातीचा रांजण उतरला होता. उतरवायला चार माणसं लागली. खाली कोळसे पेटवायचे, वर जाळी ठेवायची आणि झाकण लावून भाजायचं, अशी ती भट्टी होती. पाठवली होती पुण्याहून क्षितिजनं, त्यांच्या एकुलत्या एका मुलानं. इंजिनिअर झालेला हा मुलगा दोन वर्षांपूर्वी कंपनीतली नोकरी सोडून असल्याच भट्ट्यांवरचं खाणं विकायला लागला होता. त्या दिवशी यज्ञेश्वरराव फोनवर म्हणाले होते, "तुले शिकवलं कायले? कोळसे फुंकायले?" तेव्हापासून बापलेकांचं बोलणं रत्नप्रभाबाईंमार्फत चालायचं. "त्याले सांग" इकडून जायचं, "बाबांना सांग" तिकडून यायचं, आणि मध्ये रत्नप्रभाबाई दोन्हीतला तिखटपणा काढून पुढे पाठवायच्या.

आता रविवारी क्षितिज येणार होता, दोन वर्षांत पहिल्यांदा. यज्ञेश्वररावांना त्याला 'माझं चुकलं' म्हणायचं होतं. मनापासून म्हणायचं होतं. पण हे वाक्य त्यांच्या जिभेला सवयीचं नव्हतं. म्हणून त्यांनी ठरवलं की पोराच्याच भट्टीत आपल्या हातानं रोडगे भाजायचे आणि त्याला वाढायचे. आपल्याकडे रोडग्यांच्या पंगतीत आराशी, म्हणजे निखाऱ्यांपाशी, बसायचा मान पुरुषांचा. कणकेचे ते पदर घातलेले गोळे एरवी शेतात गोवऱ्यांच्या आरावर भाजतात, यंदा चिनी मातीत भाजतील. पोराला काय कळायचं ते कळेल.

"बाबांना सांग, साडेतीनशेवर ठेवायचं, पाऊण तास," असा निरोप क्षितिजकडून आलाच होता.

शनिवारी सकाळी त्यांनी थर्मामीटरचा खोका उघडला, तोच धुण्याभांड्याला येणाऱ्या कांताबाई हळदीकुंकवाची कोयरी घेऊन हजर झाल्या.

"नवी वस्तू हाय जी साहेब. बिनाकुंकवाची कशी बसवता?"

आणि यज्ञेश्वरराव 'थांबा' म्हणेपर्यंत थर्मामीटरच्या तबकडीवर खालच्या बाजूला, आकडे संपतात तिथं मधोमध, ओल्या कुंकवाचा ठसठशीत ठिपका उमटला. ते रुमाल काढायला लागले तर रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "पुसू नका. पोरगं येऊन राह्यलं उद्या."

ठिपका राहिला.

सोबतच्या कागदात लिहिलं होतं की काटा आधी उकळत्या पाण्यात तपासावा आणि चुकत असेल तर मागचा नट फिरवून जुळवावा. यज्ञेश्वररावांना हा कागद लिहिणारा माणूस फार आवडला. त्यांनी स्वयंपाकघरातल्या पितळी गंजात पाणी उकळलं, दांडी बुडवली आणि चष्मा पुसून पाहिलं. काटा दोनशे बारावर.

"पाह्य," ते बायकोला म्हणाले. "पाणी उकळते शंभरावर. हा दोनशे बारा दाखवून राह्यला. दुपटीच्या वर! असला काटा धरणावर असता, तर आर्धं यवतमाळ वाहून गेलं असतं."

"क्षितिजले विचारू का?"

"त्याले काय विचारायचं? पाण्यानं सांगितलं ना!"

पाना घेऊन त्यांनी मागचा नट फिरवला. काटा हट्टी निघाला, यज्ञेश्वरराव त्याच्याहून. बरोबर शंभरावर आल्यावर त्यांनी हात झटकले. पोराला फसवून कुणीतरी बिघडलेला माल दिला होता आणि बापानं तो दुरुस्त केला होता, या विचारानं त्यांना बरंही वाटलं.

बसवताना मात्र तबकडी उलटी बसली. आकडे डोक्यावर उभे. पुन्हा काढताना आतला नट निसटला तो थेट तळाच्या राखदाणीत. यज्ञेश्वरराव कमरेपर्यंत रांजणात उतरून चाचपडत असताना शेजारचे देवसिंग राठोड कुंपणाशी आले. खात्यातले जुने सोबती. त्यांना फक्त दोन पाय दिसले.

"भाऊ, अंदर काय करून राह्यले?"

"नट शोधून राह्यलो," रांजणातून आवाज घुमला.

"मले वाटलं, पातळी पाहून राह्यले."

रविवारी सकाळी क्षितिज आला. वाकून नमस्कार झाला, "बरा आहेस?" "बरा आहे" झालं, आणि दोघांचाही साठा संपला. मग त्याची नजर अंगणाकडे गेली. भट्टी झाडूनपुसून ठेवलेली, काटा सरळ बसवलेला. तो दारातच उभा राहून बघत राहिला.

"बस तिथं," यज्ञेश्वरराव म्हणाले. "आज मी भाजतो."

कोळसे पेटले. काटा चढेना. शंभर, दीडशे, दोनशे करत रेंगाळला. यज्ञेश्वररावांनी खालची हवेची झडप पूर्ण उघडली. रत्नप्रभाबाईंनी वरच्या धुराड्याच्या भोकावर तळहात धरला आणि झटकन मागे घेतला.

"आच झाली जी. लय झाली."

"दोनशे चाळीसच आहे."

"माह्या हाताले विचारा."

"हाताले आकडे असतात काय?"

साडेतीनशे झाले तेव्हा कुठे रोडगे आत गेले. वीस मिनिटांत अंगणभर करपल्याचा वास पसरला. देवसिंग कुंपणावरून म्हणाले, "भाऊ, काय जळून राह्यलं?" रत्नप्रभाबाई दोनदा उठल्या, दोनदा बसल्या. क्षितिजचा तर हा धंदाच. त्याला वासावरून सगळं कळलं होतं. पण दोन वर्षांनी बाप आपल्या भट्टीशी उभा होता, खांद्यावर फडकं टाकून. बापाला थांबवायची त्याची छाती झाली नाही.

"काटा साडेतीनशेवर आहे," यज्ञेश्वरराव सगळ्यांना उद्देशून म्हणाले. "एक अंश इकडं नाही, तिकडं नाही."

पाऊण तासानं झाकण उघडलं. जाळीखालचा कोळसा कुठला आणि जाळीवरचा रोडगा कुठला, हे सांगायला पंच बोलवावे लागले असते.

यज्ञेश्वररावांच्या ओठांवर 'तुझी भट्टीच बेकार' आलं होतं. त्यांनी ते गिळलं. आज तेवढं तरी त्यांना साधलं.

"काट्याची चूक नाही," ते पडेल आवाजात म्हणाले. "काल मीच जुळवला. उकळत्या पाण्यात दोनशे बारा दाखवत होता. शंभरावर आणला."

क्षितिज उठला. तबकडीजवळ जाऊन त्यानं अंगठ्यानं तो कुंकवाचा वाळलेला ठिपका पुसला. खाली बारीकसा 'एफ' निघाला.

"बाबा, हा फॅरनहाइटचा आहे. त्याच्यात पाणी दोनशे बारावरच उकळतं."

मग रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "लहानपणी याले एकशे तीन ताप आलता. तीन दिवस तुम्ही उशाशी बसून थर्मामीटर झटकत होते. तवा पोरगं काय उकळत होतं?"

देवसिंग कुंपणाआड हसायला गेले. यज्ञेश्वरराव हसले नाहीत. ते काट्याकडे बघत होते.

"म्हणजे तो बरोबरच होता," ते हळूच म्हणाले. "त्याच्या मापानं बरोबर होता. मीच पाना घेऊन त्याले माह्या मापावर आणला." जरा थांबून ते म्हणाले, "माझं चुकलं."

हे काट्याला म्हटलं की आणखी कुणाला, ते कुणी विचारलं नाही. क्षितिजनं एक रोडगा हातात घेतला, बुक्कीनं फोडला. वरचं बोटभर जळालेलं कवच निघालं आणि आत, अगदी मधोमध, लिंबाएवढा खरपूस, मऊ गाभा सापडला. त्याच्यावर तूप ओतून, वांग्याच्या भाजीत बुडवून त्यानं तो खाल्ला.

"झाला आहे बाबा. एवढा झाला आहे."

जेवणं झाल्यावर दोघांनी मिळून पुन्हा पाणी उकळलं. नट क्षितिजनं फिरवला, दोनशे बारावर "थांब" यज्ञेश्वरराव म्हणाले. काटा झाकणात बसला, तोच कांताबाई कोयरी घेऊन आल्या. यज्ञेश्वररावांनी ती स्वतःच्या हातात घेतली आणि ठिपका लावला, पण वरती, झाकणाच्या मुठीवर, अक्षर-आकड्यांपासून लांब.

बोटाला कुंकू उरलं होतं. ते कुठं पुसावं म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि समोर वाकलेल्या क्षितिजच्या कपाळाला लावलं. मग तळहातही तिथंच टेकला आणि बराच वेळ राहिला.

"ताप हाय काय?" रत्नप्रभाबाईंनी दारातून विचारलं.

"नाही," यज्ञेश्वरराव म्हणाले.

"थर्मामीटर आणू?"

"राहू दे. हाताले कळते."