महाजनांची अरुंधती

माझ्या भाचीच्या लग्नात सप्तपदी झाली. गुरुजींनी अरुंधतीचा तारा दाखवायचा म्हणून कार्यालयाच्या छताकडे बोट केलं आणि नवरा-नवरीने तिथल्या पंख्याला भक्तिभावाने हात जोडले. भर दुपार होती. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "कुठे आहे?"

आमच्या वरच्या मजल्यावरचे महाजन उभे राहिले होते.

"अहो, दिसली असं म्हणायचं असतं," गुरुजी म्हणाले.

"न बघता?"

"ढग आलेत असं समजा."

"मग ढग दिसले असं म्हणायला लावा."

पंगत खोळंबली होती, म्हणून मी त्यांना हाताला धरून खाली बसवलं. माझ्या बहिणीने तो प्रसंग अजून विसरलेला नाही आणि ती मलाही विसरू देत नाही.

महाजन एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेतलेला माणूस निवृत्त झाला की तेच काम फुकट करू लागतो. महाजनांनी त्यासाठी आकाश निवडलं. कुठल्या नक्षत्राला कुठल्या भाषेत काय म्हणतात आणि ते नाव आलं कुठून, हा त्यांचा ध्यास. जिन्यात कुणी भेटलं की "मूळ माहीत आहे का?" म्हणून अडवायचे. मार्केट यार्डातून भाजीच्या दोन जड पिशव्या घेऊन येणाऱ्या माणसालाही माफी नसे. तळमजल्यावरची परवीन आणि दुसऱ्या मजल्यावरची कृत्तिका एकदा पार्किंगवरून तावातावाने भांडत होत्या. महाजन मध्ये जाऊन म्हणाले, "फारसीत परवीन म्हणजे आपल्या कृत्तिकाच. स्वतःशीच काय भांडताय?" तेव्हापासून दोघी एक झाल्या, महाजनांना टाळण्यापुरत्या.

प्रसंग बघून बोलणं त्यांना जमत नसे. सोसायटीच्या सेक्रेटरींचे वडील गेले, तेव्हा तिरडी उचलताना हे शेजारच्याला सांगत होते, "अरबांना सप्तर्षींत ऋषी दिसलेच नाहीत. चार तारे म्हणजे तिरडी, मागचे तीन म्हणजे रडत निघालेल्या मुली." सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. गेलेल्या गृहस्थांना मुली तीनच होत्या आणि त्या रडत होत्या. पुढच्या मीटिंगचा निरोप महाजनांना गेला नाही.

महाजनांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, माहेर लोणी काळभोरचं. पुण्यात जन्म गेला तरी बोलणं तिकडचंच राहिलं. "आमच्यात सप्तर्षींला बाज म्हणत्यात," त्या सांगायच्या. "चार खूर, आन् मागं तीन चोर." ग्रीकांचं अस्वल, इंग्रजांचा नांगर, सगळं सांगून झालं की महाजन म्हणायचे, "आमच्या हिचंच नाव कामाचं. ऋषींवर झोपता येत नाही."

त्या सप्तर्षींच्या शेपटीत मधला तारा वसिष्ठ आणि त्याला चिकटून अगदी बारीक अरुंधती. अरबीत ती 'सुहा', म्हणजे कुणाचं लक्ष न गेलेली. पूर्वी तिकडे नजर तपासायची ती याच ताऱ्यावर, असं महाजन सांगायचे आणि आम्हा सगळ्यांना गच्चीवर नेऊन तपासायचे. मला वसिष्ठ दिसे, पुढे काही नाही. मी तसं सांगितलं की खूश व्हायचे. "शाबास. बघितल्याशिवाय हो म्हणायचं नाही. आमचं लग्नही दुपारचंच. भटजींनी मांडवाच्या कापडाकडे बोट केलं, तर ही म्हणाली, 'मला न्हाई दिसत.' आख्ख्या मांडवात एकटी खरं बोलली." त्याच संध्याकाळी त्यांनी काकूंना खरी अरुंधती दाखवली. तेव्हापासून उन्हाळ्यातल्या प्रत्येक स्वच्छ संध्याकाळी दोघं गच्चीवर. हे "दिसली?" विचारणार आणि त्या "दिसली" म्हणणार. आम्ही यावरून पुष्कळ हसून घेतलं.

मग काकूंना काचबिंदू झाला. कळलं तेव्हा उशीर झाला होता. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर त्यांना उजेड आणि अंधार यापलीकडे काही कळेनासं झालं. जिन्यातलं "मूळ माहीत आहे का?" बंद पडलं. आम्ही इतकी वर्षं त्या प्रश्नाला कंटाळलो होतो, आता तो नाही म्हणून जिना भकास वाटू लागला.

परवा टाकी भरून वाहायला लागली म्हणून मी संध्याकाळी गच्चीवर गेलो. काकू खुर्चीत बसल्या होत्या. महाजनांनी त्यांचा हात धरून वर केला होता. "ही शेपटी. हा मधला वसिष्ठ. आता त्याच्या जरा वर. दिसली?"

"दिसली," काकू म्हणाल्या. "आज जरा फिकी हाय."

मी त्या बोटाच्या दिशेने पाहिलं. उत्तरेला गेल्या दोन वर्षांत बावीस मजली इमारत उभी राहिली आहे. आमच्या गच्चीवरून तिकडचं आकाश उरलेलंच नाही. बोट गेलं होतं तिथे एका बाल्कनीत पंचा वाळत होता.

महाजनांनी मला पाहिलं. टाकीपाशी येऊन हळूच म्हणाले, "काम चौथ्या मजल्यावर थांबलंय असं सांगितलंय तिला. डोळे गेलेच आहेत, निदान आकाश तरी जागेवर राहू दे." न बघता हो म्हणू नका म्हणून भर लग्नात उभा राहिलेला हा माणूस.

ते पाणी आणायला खाली गेले. काकूंनी मला पावलांवरून ओळखलं असावं.

"भाऊ, एक सांगू? त्यास्नी सांगू नका," त्या म्हणाल्या. "चौथ्या मजल्याव काम थांबलंय म्हणत्यात. मग हितं गच्चीत बसल्याव कुकरची शिट्टी माझ्या डोक्यावरनं कशी येती?" त्या हसल्या, मग पदराने डोळे पुसले. "मला दिसतंय म्हटलं की ते रातचं दोन घास नीट जेवत्यात. म्हणून म्हणती."

महाजन तांब्याभांडं घेऊन आले. काकूंना पाणी दिलं. मग सवयीने माझ्याकडे वळून, दोन वर्षांनी, त्यांनी विचारलं, "काय, तुम्हाला दिसली का?"

काकूंनी मान माझ्या दिशेला वळवली.

"दिसली," मी म्हणालो. "वसिष्ठाच्या शेजारीच आहे."

वर कुठल्यातरी मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. आम्हा तिघांपैकी कुणीच ती ऐकली नाही.