पुढचं मालकाचं

माने काकांसोबत मी पंधरा वर्षांत कितीतरी पिक्चर पाहिले, पण एकाचाही शेवट पाहिला नाही. जुन्या पिक्चरमध्ये वरच्या कोपऱ्यात अधूनमधून एक गोल ठिपका चमकून जातो. रीळ बदलायची वेळ झाली, हे ऑपरेटरला सांगणारी ती खूण. तुम्हाआम्हाला तो कधी दिसत नाही. काकांना दुसरं काही दिसतच नाही. शेवटच्या रिळाचा ठिपका आला की ते टीव्ही बंद करतात, गुडघ्यावर हात टेकून उठतात आणि म्हणतात, "ठिपका आला. पुढचं मालकाचं."

मालक म्हणजे पिक्चर काढणारा.

काकांचे पूर्वज दक्षिणेतून घोड्यावर बसून ग्वाल्हेरला लढायला आले. काकांनी सगळी नोकरी एका टॉकीजच्या केबिनमध्ये केली आणि तिथेच त्यांची एकमेव लढाई झाली. एक पिक्चर आला होता. त्यात गिरणीतला माणूस शेवटी नदीत बुडतो. लोक रडत बाहेर पडायचे. दुसऱ्या आठवड्यात मालकानं नवं शेवटचं रीळ पाठवलं. त्यात तो माणूस नदीतून बाहेर येतो, बायको धावत येते, गाणं सुरू होतं.

"अरे, आदमी नदीतून निघतोय आणि शर्टाला इस्त्री?" काका अजून तळमळून सांगतात. "मिशीपण वेगळी. लोक इतके रडले, त्यांना मालकानं खोटं पाडलं, यार."

काकांनी नवं रीळ लावलंच नाही. ठिपका आला तसे सरळ दिवे लावले. लोकांनी खुर्च्या तोडल्या. मॅनेजरनं त्यांना महिनाभर घरी बसवलं. काकू सांगायच्या की तो महिना त्यांनी लढाई जिंकल्यासारखा काढला.

मी सांगोल्याकडचा. आठवीत शाळा सोडली आणि फिरत फिरत इथे दालबाजारात पोती शिवायला लागलो. नुसतं मराठी ऐकून काकांनी मला माधवगंजातल्या त्यांच्या घरातली वरची खोली दिली. आजारी पडलो तर काकू भात घेऊन जिना चढायच्या. इतकं कुणी केलं की मला उलट भीतीच वाटते, आपल्या हातून काही बिघडेल याची. तरी एकदा बोलून गेलो, की दिवसभर राबलेला माणूस हसत घरी गेला तर काय बिघडलं? काका दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी गरम बेडई, म्हणजे इकडची डाळ भरलेली पुरी, घेऊन वर आले. म्हणाले, "खा. पण तू चूक आहेस."

या उन्हाळ्यात काकूंनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी काकांना बाहेर बोलावून सांगितलं की आता फार दिवस नाहीत. इंदूरहून पुतण्याचा फोन आला, काकूंना काही कळू देऊ नका. काका त्याच्यावर उखडले. "चिकटवलेलं रीळ मी पब्लिकला नाही दाखवलं. घरात दाखवू? मी सांगणार. आजच."

ते चहा घेऊन आत गेले. मी बाहेर हात चोळत उभा. बाहेर आल्यावर म्हणाले, लाइट गेली होती. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ती पाठ करून झोपली होती. मग एकदा शेजारीण बसली होती, एकदा चहात साखर कमी पडली होती. पंधरा दिवस असेच गेले. मी विचारायचं सोडून दिलं.

एका दुपारी औषध घेऊन गेलो, तर दाराशीच थबकलो. आत काका सांगत होते, "दिवाळीपर्यंत उठशील तू. फूलबागेपर्यंत चालत जाऊ."

"जाऊ ना," काकू म्हणाल्या. त्यांनी मला दारात पाहिलं होतं. माझ्याकडे बघून त्यांनी किंचित मान हलवली. तू काही बोलू नकोस, अशी.

मागच्या रविवारी दुपारी टीव्ही काकूंच्या खोलीत आणून लावला. नेमका तोच पिक्चर लागला होता. गिरणी, संप, ती नदी. काकू उशीला टेकून बघत होत्या आणि काका त्यांचा हात धरून बसले होते. माणूस पाण्यात उतरला. या वेळी ठिपका मलासुद्धा दिसला. सवयीनं मी रिमोट उचलला.

"राहू दे," काका म्हणाले.

ते उठले नाहीत. माणूस नदीतून बाहेर आला. बायको धावत आली. गाणं सुरू झालं.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "शर्टाला इस्त्री आहे."

काकांनी पडद्यावरची नजर हलवली नाही.

"धूप होती गं," ते म्हणाले. "वाळला असेल."