आबांची साष्टी-प्रदक्षिणा

आबा चिंदरकर लांबच्या गावांची नावं कुजबुजून घेत. "परवा बोरिवली," असं माझ्या कानाशी सांगून ते बोटाने खाली स्वतःच्या पायांकडे दाखवत. "हळू बोल गं बाय. त्यांना आत्ताच कळलं तर रात्रभर कुरकुरतील."

मुलुंडला आमच्या शेजारच्या खोलीत ते एकटे राहत. कचेरीतून निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांची बायको, आमच्या काकी, गेल्या. मग त्यांनी ठरवलं, अख्ख्या साष्टी बेटाला एका दिवसात पायी प्रदक्षिणा घालायची. मुलुंडहून कुर्ला, अंधेरी, बोरिवली, घोडबंदर, ठाणे आणि परत घरी. माझे वडील म्हणाले, उलटे जा, म्हणजे घोडबंदरचं जंगल सकाळच्या गारव्यात संपेल. आबा दुखावले. "प्रदक्षिणा उलटी घालतात होय? मधला डोंगर उजव्या हातालाच हवा!"

मी कॉन्व्हेंटात शिकलेली. चाळीतल्या गप्पांत मला चटकन तोंड उघडता येत नसे. नेमकं म्हणूनच सरावाला त्यांनी मला निवडलं. "बोलका सोबती दम खातो. स्वतःचा आणि आपलाही." रविवारी आम्ही पवईपर्यंत, कधी विहार तलावापर्यंत जायचो. धोतर, कॅनव्हासचे बूट, डोक्यावर ओला पंचा असा त्यांचा थाट. चढ आला की ते मान फिरवत. "त्याच्याकडे बघायचं नाही. बघितलं की तो वाढतो."

पहिल्या वर्षी निघताना चाळीतल्या प्रत्येक घराने त्यांच्या हातावर दही-साखर ठेवली. आबांना कुणालाच नाही म्हणता येईना. सगळ्या चाळीचं दही पोटात घेऊन निघालेला माणूस कुर्ल्याच्या पुढे गेलाच नाही. दुसऱ्या वर्षी घोडबंदरला पायांत गोळे आले आणि ते गवताच्या लॉरीतून परतले. "लॉरीवाल्याने फारच आग्रह केला," म्हणाले.

पण सरावाच्या त्या महिन्यांत चाळ त्यांची असे. कुणी डिंकाचे लाडू देई, कुणी पायांना चोळायला तेल. जोशीकाकू तर भाजी निवडता निवडता त्यांचा आहार ठरवत. एरवी त्यांच्या दाराशी कुणी फारसं थांबत नसे.

तिसऱ्या वर्षी ते मध्यरात्र उलटल्यावर निघाले. दही फक्त आमच्या घरचं, तेही चमचाभर. संध्याकाळी लिंबाचं सरबत घेऊन मी आग्रा रोडवर उभी राहिले. डोंगरावर अजून ऊन होतं, तोच ठाण्याच्या बाजूने ओला पंचा दिसला.

"आबा! जमलं!" मी चक्क ओरडले.

"ओरडतेस काय? लंगडा झालोय, बहिरा नाही."

सरबत पिऊन आम्ही निघालो. कोपऱ्यावर वळलो तशी चाळ दिसली, आणि आबा थांबले.

"चला ना. एवढंच तर राहिलंय."

"तेच तर." त्यांची नजर चाळीवरून हलेना. "हे संपलं की उद्या उठून मी काय करू, बाय? आणि माझ्या दाराशी कोण यायचंय?"

त्यांनी टांग्याला हात केला.

"अहो आबा, ही काय समोर चाळ!" टांगेवाला म्हणाला.

"दिसतेय मला. घे आत."

वर चढून बसल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "शंकराची प्रदक्षिणासुद्धा पुरी घालत नाहीत."

टांगा दारात थांबला आणि सगळी चाळ खाली आली. "झाली का, आबा? झाली?" आबा वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागले. मग सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले. एवढ्या माणसांसमोर मी कधीच बोलले नव्हते.

"थोडक्यात राहिली," मी म्हणाले. "पुढच्या वर्षी मीपण जाणार आहे. आबांबरोबर."

"अगं बाई! म्हणजे आता चार पायांना तेल पुरवायचं का आम्ही?" जोशीकाकू म्हणाल्या, आणि आबांना डाळिंबाचा रस द्यावा की नाचणीची आंबील, यावर तिथेच वाद सुरू झाला.

आबा उतरले. उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि जिना चढेपर्यंत काढला नाही.