झोलबोर्सची परीक्षा

"कुत्रा शिकवणं म्हणजे नुसता आवाजाचा खेळ!" शार्शेनने चहाचा वाडगा दाणकन खाली ठेवला आणि जाहीर करून टाकलं, "एकोणीस वर्षं नारीनच्या रस्त्यांवर गाडी चालवली, पुष्कळ झालं. उद्यापासून मी ड्रायव्हर नाही. श्वानप्रशिक्षक!"

"अहो, पण आपल्याकडे कुत्रा कुठाय?" बायकोने, नुर्झामालने, विचारलं.

"येतोय!"

आणि आलाच की! शार्शेनने आपली सोळा सीटची गाडी मेव्हण्याला दिली आणि बदल्यात त्याचा डोंगरावरचा धनगरी कुत्रा घेतला. सौदा ठरला तेव्हा मेव्हण्याने त्याला इतक्या प्रेमाने मिठी मारली, की शार्शेनला तिथेच शंका यायला हवी होती. पण माणूस स्वप्नात असला की त्याला शंका येत नाहीत, फक्त पाट्या दिसतात. 'शार्शेन, श्वानप्रशिक्षक' अशी पाटी त्याने फाटकाला ठोकूनही टाकली होती!

कुत्र्याचं नाव झोलबोर्स, म्हणजे वाघ. अंगाने वासराएवढा, डोकं लग्नातल्या कढईएवढं. आणि काळीज? शेजारचा कोंबडा आरवला, की हा वाघ लाकडांच्या ढिगामागे! मेंढ्यांनी त्याला राखला असेल, त्याने मेंढ्या राखल्या असतील असं काही वाटत नव्हतं.

"हे जनावर माझ्या घराचा उंबरा ओलांडणार नाही," शार्शेनच्या आईने, काकिश आपांनी, पहिल्याच दिवशी बजावलं. "ओलांडला तर त्याच्यासोबत तूही बाहेर!"

आपा चौऱ्याहत्तर वर्षांच्या. सात पोरं वाढवलेली, त्यातला शार्शेन शेंडेफळ. म्हणून आमच्या किर्गिझ रीतीप्रमाणे त्याच्याकडेच राहायच्या. सकाळपासून दारातल्या बाकावर बसून बटाटे सोलायच्या, आणि सोलता सोलता अख्ख्या गल्लीला फैलावर घ्यायच्या.

शिक्षण अंगणात सुरू झालं. कुत्र्यांना हुकूम रशियनमध्येच द्यायचे, असं शार्शेनने मोबाइलवर पाहिलं होतं. छाती फुगवून तो ओरडला, "सिदेत!" म्हणजे बस.

झोलबोर्सने जांभई दिली.

"सिदेत!!"

झोलबोर्स मागच्या पायांनी माती उकरायला लागला. धुरळा उडाला तो थेट बटाट्यांच्या पातेल्यात.

"बस की खाली, मुडद्या!" बाकावरून आपा कडाडल्या.

झोलबोर्स धप्पकन बसला!

"बघितलंस?" शार्शेन आनंदाने नाचायचाच बाकी होता. "तिसऱ्या हुकमाला बसला! आपा, तू जरा मध्ये मध्ये बोलू नकोस, त्याचं लक्ष विचलित होतं."

असं महिनाभर चाललं. शार्शेन ओरडायचा, आपा खेकसायच्या, कुत्रा ऐकायचा आणि शार्शेनची छाती आणखी फुगायची. नुर्झामाल खिडकीतून सगळं बघायची. एकदा ती म्हणालीही, "अहो, मला वाटतं तो तुमचं नाही, आ..."

"तुला त्यातलं शास्त्र कळायचं नाही!"

नुर्झामालने खिडकी लावून घेतली.

मग बातमी आली. राजधानीतून, बिश्केकहून परीक्षक येणार, स्टेडियमवर परीक्षा होणार, जो कुत्रा पास होईल त्याच्या शिक्षकाला शिक्क्याचा दाखला! दाखला नसेल तर गिऱ्हाईक फिरकत नाही, हे शार्शेनला तोवर कळून चुकलं होतं. पाटी लावून महिना झाला होता आणि चौकशीला आलेला एकमेव माणूस गाडी परत कधी सुरू होणार ते विचारून गेला होता.

परीक्षेच्या सकाळी त्याने आपांना स्पष्ट सांगितलं, "तू येऊ नकोस. तू बोलशील आणि माझ्या कुत्र्याचा घोटाळा होईल."

"मला काय हौस आहे कुत्र्यांच्या जत्रेची!" आपा फणकारल्या.

स्टेडियमवर अकरा कुत्रे, अकरा मालक आणि टेबलामागे परीक्षक गलीना इग्नात्येव्हना. बाई ताठ, चष्मा ताठ, टेबलावरच्या दाखल्यांची चळतसुद्धा ताठ!

"सुरू करा," बाई म्हणाल्या.

"सिदेत!" शार्शेनने गर्जना केली.

झोलबोर्सने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. बाकावरचा आवाज कुठेच नाही! तो भेदरला. धावत जाऊन गलीनाबाईंच्या टेबलाखाली शिरला. टेबल उंचीने बेताचं, कुत्रा वासराएवढा. तो उभा राहिला आणि टेबल पाठीवर घेऊन पळत सुटला! दाखले हवेत, शिक्का मातीत, आणि परीक्षेसाठी आणलेलं सॉसेज सगळ्या कुत्र्यांच्या मधोमध. मग काय विचारता! अकराच्या अकरा कुत्रे एकावर एक. एका बुटक्या डॅशहाउंडने पोलिसांच्या अल्सेशियनचा कान पकडला. झोलबोर्सने ऐनवेळी टेबल टाकलं, सॉसेज पटकावलं आणि मैदानाच्या फेऱ्या मारायला लागला. पट्ट्याचं दुसरं टोक मनगटाला गुंडाळलेला शार्शेन पोटावर घसरत त्याच्या मागे!

"थांबवा त्याला!" गलीनाबाई किंचाळल्या.

"सिदेत! सिदेत!" शार्शेन तोंडातली माती थुंकत ओरडत होता.

तेवढ्यात फाटकातून आवाज आला, "खाली बसा सगळे! काय तमाशा लावलाय?"

काकिश आपा! शार्शेन सकाळी चहा न घेताच निघाला, म्हणून बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळून, फडक्यात बांधून घेऊन आल्या होत्या.

झोलबोर्स जागच्या जागी बसला. डॅशहाउंड बसला, अल्सेशियन बसला, अकराही कुत्रे बसले. चार मालक बसले. गलीनाबाईंचे गुडघेसुद्धा वाकले होते. त्यांनी कसंबसं स्वतःला सावरलं.

"आणि तू," आपा झोलबोर्सपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "परक्याच्या हातचं खातोस? लाज नाही? टाक ते!"

झोलबोर्सने सॉसेज त्यांच्या पायाशी ठेवलं आणि मान खाली घातली.

"ऊठ. चल इकडे."

तो उठला आणि त्यांच्या पावलाला पाऊल लावून चालायला लागला.

गलीनाबाईंनी चष्मा पुसला. "अन्न नाकारणं, हुकमावर बसणं, सोबत चालणं. बिनचूक! आजी, ही कुठली पद्धत?"

"पद्धत कसली आलीय? सात पोरं वाढवलीत."

बाईंनी मातीतून एक दाखला उचलला, झटकला आणि यादी पाहिली. "कुत्रा शार्शेनच्या नावावर आहे. म्हणजे शिक्षक शार्शेन." आणि त्यांनी पेन उघडलं.

शार्शेन अजून मैदानातच बसला होता. शर्टाची बटणं गेलेली, नाकावर मैदान आखलेल्या खडूची रेघ. गप्प बसला असता तर दाखला त्याचाच! महिनाभराची सगळी 'सिदेत' त्याच्या डोळ्यांसमोरून गेली, आणि प्रत्येक वेळी मागून आलेला आईचा आवाजही गेला. तो उठून उभा राहिला.

"माझं नका लिहू, बाई. तिचं लिहा. काकिश."

"हे काय नवीन खूळ?" आपा चिडल्या. "मी कुत्र्याला उंबऱ्यात येऊ देत नाही आणि मला कागद देता?"

आधी नुर्झामालला हसू फुटलं. सासूच्या मागोमाग तीही आली होती. मग शार्शेनला, मग सगळ्या स्टेडियमला. आपांनी मात्र कोणाकडे न बघता फडकं सोडलं आणि बोरसोक वाटले. माणसांना दोन दोन, कुत्र्यांना एक एक!

त्या आठवड्यापासून गल्लीत कुत्र्यांची रांग लागते. परवा तर बिश्केकहून एक बाई फर कोट घालून, गुरगुरणारं पांढरं पूडल काखेत धरून आल्या.

"प्रशिक्षक आहेत का?"

"आहेत, पण नमाजाला बसल्यात," शार्शेनने अदबीने फाटक उघडलं. "तोवर द्या, मी धरतो."

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्हाला जमेल ना? तुम्हीही इथंच शिकलात का?"

"हो तर!" शार्शेन म्हणाला. "बेचाळीस वर्षं झाली. अजून पास झालेलो नाही!"