कडुबांचा मिटलेला आवाज

कडुबा गच्चीवरून "नळ आलेऽ!" म्हणून ओरडले, की पुंडलिकनगरची ती गल्ली अंथरुणातून उठून हंड्या-बादल्यांकडं पळायची. आठवड्यानं येणारं पाणी, त्याला ना वेळ ना काळ. पण कडुबांची झोप सशाची आणि गळा ढोलाचा. चिकलठाण्याच्या कारखान्यात उभा जन्म यंत्रांच्या धडधडीवर बोलण्यात गेलेला, त्यामुळं "मीठ द्या" हेसुद्धा ते मोर्चातल्या घोषणेसारखं म्हणत.

सून विशाखा पोटुशी होती. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची आणि सध्या घरूनच मोबाइलवर तास घ्यायची. एका दुपारी दाराआड बसून तिच्यासाठी चिंचा सोलताना कडुबांच्या कानावर तिचा तास पडला.

"प्रत्येक पेशीत जनुकं तीच. डोळ्यात तीच, काळजातही तीच. मग डोळा का धडधडत नाही? कारण जनुकांवर बारीक रासायनिक खुणा असतात. पुस्तकातलं अक्षर बदलत नाही, पण कुठलं पान उघडायचं आणि कुठलं मिटून ठेवायचं, ते या खुणा ठरवतात. खाणंपिणं, ताणतणाव यांनी त्या बदलू शकतात. आईच्या पोटात असतानासुद्धा."

कडुबांच्या हातातली चिंच हातातच राहिली. पुढं विशाखा आणखी बरंच काही सांगत होती, पण कडुबा तोवर स्वयंपाकघरात पोचले होते.

"केसर," ते जन्मात पहिल्यांदा कुजबुजले, "आपल्या बाळाची पानं मी चिकटवायलोय."

"काय चिकटवायले?"

"माझ्या वरडण्यानं गं! माझा बाप तापट, मी तापट. इथंच थांबू दे हा मामला. बाळ कसं, पिंपळपानावरच्या चांदण्यावानी शांत निघालं पाहिजे."

केसरबाईंनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

त्या दिवसापासून घर मुकं झालं. टीव्ही बंद, दारावरची घंटा बंद. शिट्टी नको म्हणून डाळ उघड्या पातेल्यात शिजू लागली. तोंड उघडलं की आवाज सुटणार, हे कडुबांना पक्कं ठाऊक. म्हणून विशाखा समोर आली की ते नुसतं हसत आणि मांजरासारखे पाय उचलत दुसऱ्या खोलीत सटकत.

आणि एका पहाटे नळ गुरगुरला. कडुबा सवयीनं गच्चीवर गेले, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि खाली विशाखाची खिडकी दिसली. श्वास तसाच गिळला. खाली उतरून त्यांनी शेजारच्या भामाबाईंच्या तावदानावर नखानं टकटक केलं. आतून "हाड!" आलं. पुढच्या दाराला कुणी ओ दिली नाही. त्यापुढच्या दारापाशी पोचेपर्यंत नळानं शेवटची उचकी दिली.

उजाडलं तशी अख्खी गल्ली कडुबांच्या दारात.

"कडुबादादा, तोंड शिवलंय का तुमचं?" भामाबाई कडाडल्या. "पाणी येऊन गेलं! फर्दापूरहून व्याही यायले माझ्याकडं. त्यांच्या अंघोळीला काय वाळू देऊ?"

"हळू, भामाबाई, हळू..." कडुबा हात जोडून म्हणाले.

"कामून हळू? कोन निजलंय?"

आवाज आत जाऊ नये म्हणून कडुबा दोन्ही हात पसरून दारात उभे राहिले. पण दार मागूनच उघडलं. विशाखा उभी होती. डोळे सुजलेले.

"मामा, भामाबाईंशी तरी बोलायले तुम्ही. माझ्याशीच कामून नाय?"

"अगं..."

"सारखं चिंचा मागते म्हणून राग आला का? किती दिवस झाले, डोळ्याला डोळा नाय लागला माझा. काय चुकलं तेच कळंना."

कडुबांनी पसरलेले हात खाली घेतले. खुणा, पानं, बापाचा तापटपणा, सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं, तेही कुजबुजत. विशाखा रडता रडता हसायला लागली.

"मामा, तुमच्या वरडण्यानं बाळ तापट होतं असं कुठं म्हणाले मी? आन् बऱ्याच खुणा पुसल्यापण जातात ओ! पुढचं ऐकलंच नाय तुम्ही."

"म्हणजे ताण दिला तो... मीच?"

"व्हय. गप बसून."

"खुना राहू द्या," भामाबाई मधेच म्हणाल्या, "माझ्या हंड्याचं बोला!"

इतक्या दिवसांचा कोंडलेला श्वास तिथं फुटला.

"टकटक केली तर मांजर समजून हाड म्हनली तू, आन् मलाच बोलती व्हय? आमची टाकी भरलीय, लाव पाईप! समदे घ्या! पन रांगेत! ए, पाईप कोन मुडपला तिकडं?"

तारेवरची कबुतरं उडाली. गल्ली जागच्या जागी सुखावली. कडुबांचा आवाज असा रंगात आला असताना केसरबाईंनी त्यांच्या दंडाला चिमटा काढला आणि पायरीकडं डोळ्यांनी खुणावलं.

पायरीवर, खांबाला डोकं टेकून, विशाखा गाढ झोपली होती.

कडुबांनी जीभ चावली. बायकांनी हंडे अलगद खाली ठेवले. सगळी गल्ली चिडीचूप झाली.

विशाखाच्या कपाळाला आठी पडली. डोळे न उघडताच ती पुटपुटली, "मामा... थांबू नका ना."